न सांगता ओळखणारा जोडीदार

वाचकांचे प्रश्न

दूरचित्रवाणीवरील मालिका आणि किशोरवयीन मुलामुलींच्या मनातील जोडीदाराची कल्पना या विषयावर आम्ही मागील अंकात पत्रे मागवली होती. आलेल्या पत्रांत पालकांची पत्रे सर्वाधिक होती आणि त्यांतील बहुतेकांना माझ्याकडून एकच गोष्ट हवी होती, ती म्हणजे टीव्ही बंद करण्याची परवानगी. ती देण्यास मी फारशी उत्सुक नाही, हे आधीच सांगून टाकते. पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची ओळख पटू नये म्हणून नावे वगळली आहेत.

प्रश्न : माझी मुलगी दहावीत आहे. संध्याकाळी सात ते साडेनऊ ती आजीबरोबर बसून मालिका पाहते. अभ्यास आणि क्लास सांभाळून पाहत असल्यामुळे मी आजवर काही बोलले नव्हते. मागच्या आठवड्यात मात्र ती फोनवर मैत्रिणीला सांगत होती, ‘‘जो मुलगा माझ्यासाठी घरच्यांशी भांडणार नाही, त्याचं प्रेम खरं कसं मानायचं?’’ हे ऐकून मी हादरले. केबलच काढून टाकावी असे तिच्या वडिलांचे म्हणणे आहे. आपण काय सुचवाल?
— एक आई, सांगली

उत्तर : ताई, केबल काढण्यापूर्वी आपल्या मुलीचे वाक्य पुन्हा एकदा वाचू या. प्रेम कसे असते, हा तिचा प्रश्न नाही. प्रेम सिद्ध कसे करायचे, हा तिचा प्रश्न आहे, आणि रोज संध्याकाळी अडीच तास ती जे पाहते त्यात याच प्रश्नाची उत्तरे एकामागून एक दिली जातात. नायक नायिकेसाठी धावत्या गाडीसमोर उडी घेतो, नायिका त्याच्यासाठी अनवाणी देवीचा डोंगर चढते, भर मंगल कार्यालयात कोणीतरी हार भिरकावून देतो. यातले काहीही रोजच्या जगण्यात घडत नाही, हे मुलीला पुरते ठाऊक असते. कथानकावर मुले खदखदून हसतात, पण त्या कथानकाखालची भावना मात्र जपून ठेवतात, असा माझा इतक्या वर्षांचा अनुभव आहे.

मालिकेत प्रेमाच्या परीक्षा इतक्या का होतात, याचे कारण प्रेमात नाही, धंद्यात आहे. रोजची मालिका आठवड्यातून सहा दिवस, कधी सातही दिवस चालते. अर्ध्या तासातून जाहिराती वजा जाता वीस-बावीस मिनिटांची गोष्ट उरते आणि ती दररोज अशा ठिकाणी थांबवावी लागते, की प्रेक्षक उद्या परत येईल. दर आठवड्याला टीआरपीचे आकडे येतात आणि त्यांच्यावर मालिकेचे आयुष्य ठरते. अशा वेळी नवरा-बायकोने चहा घेता घेता पाच मिनिटांत गैरसमज मिटवला, तर लेखकाचे महिन्याभराचे कथानक तेथेच संपते. म्हणून पत्र चुकीच्या हाती पडते, फोन ऐन वेळी बंद होतो आणि ‘मला तुला काहीतरी सांगायचंय’ हे वाक्य तीन आठवडे पुरे होत नाही. मालिकेच्या लेखकाला हे कळत नसते असे मुळीच नाही. त्याच्या स्वतःच्या घरी ‘दूध आणलंस का’ आणि ‘गॅसचा नंबर लावलास का’ यांवरच संसार चाललेला असतो. परंतु या संभाषणाला टीआरपी नाही.

आता परिणामाविषयी. अमेरिकेतील पेनसिल्व्हानिया विद्यापीठात जॉर्ज गर्बनर यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस टीव्हीच्या दीर्घकालीन परिणामाचा अभ्यास सुरू केला. त्यांनी त्यासाठी शब्द वापरला तो शेतीतला होता, मशागतीचा. एखादा भाग पाहून कोणी बिघडत नाही, पण वर्षानुवर्षे पाहत राहिल्याने पडद्यावरचे जग हेच हळूहळू मोजमाप बनते, असे त्यांचे म्हणणे होते. गर्बनर एकूण पाहण्यावर भर देत. पुढे ख्रिस सेग्रिन आणि रॉबिन नाबी यांनी २००२ मध्ये २८५ अविवाहित अमेरिकी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात चित्र थोडे वेगळे दिसले. सरसकट टीव्ही अधिक पाहणाऱ्यांच्या विवाहाविषयीच्या कल्पना स्वप्नाळू नव्हत्या. उलट त्यांच्यात त्या थोड्या कमीच होत्या. प्रेमकथाप्रधान कार्यक्रम अधिक पाहणाऱ्यांच्या अपेक्षा मात्र अधिक आदर्शवादी निघाल्या. अर्थात ज्यांना मुळातच अशी स्वप्ने आवडतात, तेच असे कार्यक्रम निवडत असतील, हीही शक्यता राहतेच. जेरेमी ऑस्बर्न यांनी २०१२ मध्ये ३९२ विवाहित व्यक्तींचा अभ्यास मांडला. पडद्यावरचे प्रेम खरे असते असे ज्यांना मनापासून वाटत होते, त्यांची स्वतःच्या नात्याशी असलेली बांधिलकी कमी आढळली, आणि विवाहात आपल्याला फार किंमत मोजावी लागते, अशी त्यांची भावनाही अधिक तीव्र होती. म्हणजे मुलगी किती तास पाहते, यापेक्षा ती काय पाहते आणि त्यावर कितपत विश्वास ठेवते, हे विचारणे अधिक उपयोगाचे आहे.

बंदीबद्दल सांगायचे, तर एमी नाथन्सन यांच्या २००२ च्याच एका अभ्यासाचा मला नेहमी उपयोग होतो. ज्या घरांत किशोरवयीन मुलांच्या टीव्ही पाहण्यावर निर्बंध होते, तेथील मुलांचे आईवडिलांविषयीचे मत बिघडलेले आढळले, निषिद्ध कार्यक्रम त्यांना अधिक आवडू लागलेले दिसले आणि ते कार्यक्रम ती मित्रमैत्रिणींबरोबर पाहत होती. सांगलीत याहून वेगळे काही घडेल असे मला वाटत नाही. केबल काढली, तर तीच मालिका फोनवर दिसते, आणि फोनवर पाहताना शेजारी आजी बसलेली नसते.

त्यापेक्षा आठवड्यातून दोन-तीन दिवस आपणही अर्धा तास तेथे जाऊन बसा. ‘असं कधी असतं का!’ हे वाक्य मात्र कृपा करून टाळा, कारण त्यावर तिच्याकडे उत्तर नसते, फक्त राग असतो. साधा प्रश्न विचारा : ‘हा तिला खरं का सांगून टाकत नाही?’ ती बहुधा म्हणेल, ‘सांगितलं तर सीरियल संपेल ना, आई.’ तेथून पुढे गप्पा चालू द्या. फोनवरचे बोलणे आपण ऐकले होते, हे तिला कळू देऊ नका.

आणखी एक गोष्ट आहे, ती आपल्याला कदाचित आवडणार नाही. जोडीदाराने आपली बाजू घ्यावी, ही तिची अपेक्षा मुळात वाजवी आहे. आपल्याकडे असंख्य घरांत सुनेला चार माणसांत टाकून बोलले जाते आणि नवरा वर्तमानपत्रातून डोके वर काढत नाही. हे मुली लहानपणापासून पाहत असतात. आपल्या घरात कोणी कोणाच्या बाजूने कधी शांतपणे बोलले आहे का, आणि ते मुलीच्या कानांवर पडले आहे का, याचा विचार आपण आणि तिच्या वडिलांनी एकदा करावा. मालिकेतल्या भांडखोर नायकाखेरीज दुसरे उदाहरण तिने पाहिलेलेच नसेल, तर ती त्याच्याच मापाने मोजणार.

प्रश्न : मी अकरावीत आहे. हिंदीत डब केलेल्या कोरियन मालिका मला खूप आवडतात. वर्गातला एक मुलगा आणि मी चार महिन्यांपासून जवळचे मित्र आहोत, कदाचित त्याहून थोडे जास्त. पण मी उदास असले तरी त्याला कळतच नाही. मालिकांमधला हिरो चेहरा पाहून ओळखतो. मी विचारलं, तर हा म्हणतो, ‘तू सांगितलंच नाहीस.’ सांगावं लागलं तर त्यात काय अर्थ आहे? मी जास्त अपेक्षा करते आहे का?
— एक विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : तुझा प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून उत्तरही तसेच देते. तू जास्त अपेक्षा करत नाहीस, मात्र चुकीच्या ठिकाणी करते आहेस.

मालिकेतल्या त्या नायकाला कसे कळते, याचा जरा विचार कर. नायिका गच्चीवर एकटीच रडत असते. ते कॅमेऱ्याने पाहिलेले असते, तू पाहिलेले असते आणि मुख्य म्हणजे लेखिकेने ते लिहिलेले असते. तीच लेखिका दोन मिनिटांनी नायकाला छत्री देऊन वर पाठवते. त्याचे मन फार हळवे असते म्हणून तो येत नाही, पटकथेत पुढचे पान त्याचे असते म्हणून येतो. तुझ्या मित्रामागे अशी लेखिका नाही. त्याला सोळाव्या वर्षी गणिताचा क्लास, घरची कटकट आणि स्वतःच्या चेहऱ्यावरच्या पुटकुळ्या एवढेच सांभाळायचे आहे, आणि तेवढ्यानेच तो बहुधा थकून जात असेल.

‘न सांगता कळायला हवे’ ही समजूत कोरियन मालिकांनी जन्माला घातलेली नाही. रॉय आयडेलसन आणि नॉर्मन एपस्टाईन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये जोडप्यांच्या मनातील घातक समजुतींची एक प्रश्नावली तयार केली होती. तिच्यातील पाच समजुतींपैकी एक नेमकी हीच होती, की जोडीदाराला माझे मन आपोआप वाचता आले पाहिजे. ‘मतभेद झाला म्हणजे नाते मोडले’ ही दुसरी. आपल्याकडेही ‘मनातलं ओळखणारा’ हा नवऱ्याचा गुण म्हणून आज्या-पणज्यांनी ओव्यांतून मागितलेला आहे. तेव्हा त्या मागण्याला एक कारण होते. सासरी तोंड उघडून काही सांगण्याची सोयच नव्हती, मग कोणीतरी न सांगता ओळखावे, असे वाटणारच. तुला तोंड उघडण्याची सोय आहे, आणि ती तू वापरत नाहीस.

या मालिका पाहणे सोड, असे मी म्हणणार नाही. त्यांतला नायक आजारी मैत्रिणीसाठी पेज शिजवतो, तिच्या नोकरीची चौकशी करतो, तिचे बोलणे मधेच तोडत नाही. मुलाला वरण-भाताचा कुकर लावता आला पाहिजे आणि समोरच्याचे ऐकून घेता आले पाहिजे, ही अपेक्षा तुझ्या मनात त्या मालिकांमुळे रुजली असेल, तर मी त्यांची आभारी आहे. ही अपेक्षा कधीही सोडू नकोस. पण त्याच मालिकांतील एक नेहमीचा प्रसंगही आठव, ज्यात नायक नायिकेचे मनगट घट्ट धरून तिला ओढत नेतो आणि मागे मधुर गाणे लागते. या प्रसंगावर खुद्द दक्षिण कोरियात बरीच टीका झाली आहे. तेथे पाठलाग करून छळण्याविरुद्धचा स्वतंत्र कायदा २०२१ मध्ये लागू झाला. २०२३ मध्ये तेथील प्रत्येक स्त्रीमागे मुले होण्याचे सरासरी प्रमाण ०.७२ इतके खाली आले होते, आणि घरांच्या किमती, कामाचे लांबलचक तास आणि घरकामाचा स्त्रियांवरचा भार यांमुळे तेथील अनेक तरुण लग्नच टाळत आहेत. पावसात छत्री धरणारा नायक त्या देशातल्या मुलींनाही रस्त्यावर भेटत नाही, एवढेच मला यातून सुचवायचे आहे.

डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल यांनी १९५६ मध्ये, म्हणजे टीव्ही नवा असतानाच, पडद्यावरच्या माणसाशी प्रेक्षकाची जी एकतर्फी जवळीक होते तिच्याविषयी लिहून ठेवले आहे. त्या जवळिकीची गंमत अशी, की पडद्यावरचा नायक तुला सगळे देतो आणि तुझ्याकडे काहीच मागत नाही. तो कधी परीक्षेत नापास होऊन तुझ्यासमोर गप्प बसत नाही. म्हणून तुला एक प्रश्न विचारते : गेल्या आठवड्यात तुझा मित्र कशाच्या काळजीत होता? त्याचा चेहरा पाहून तुला ते ओळखता आले का?

पुढच्या वेळी उदास असशील, तेव्हा त्याला एवढेच म्हण, ‘‘आज मला वाईट वाटतंय, दहा मिनिटं ऐकशील?’’ सांगितल्यावर त्याने ऐकले, तर त्याला अर्थ आहे. सांगूनही त्याने चेष्टा केली किंवा ते चारचौघांत बोलून दाखवले, तर तुला त्याच्याविषयी जे कळायला हवे होते ते कळेल, आणि तेव्हा तू खुशाल दूर हो.

प्रश्न : मी सतरा वर्षांचा आहे, बारावी आणि नीटची तयारी करतो. क्लासमधली एक मुलगी मला दोन वर्षांपासून आवडते. मी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा ती नाही म्हणाली. मित्र म्हणतात, हिरो कधी हार मानतो का, शंभरदा विचारायचं असतं. मी तिला त्रास देत नाही, फक्त ती सुटते तेव्हा समोरच्या टपरीपाशी उभा राहतो. तिच्या मैत्रिणीने सांगितलं, की तिला भीती वाटते. मी तसा मुलगा नाही. तिला हे कसं पटवून देऊ?
— एक विद्यार्थी, लातूर

उत्तर : पटवून देऊ नकोस. टपरीपाशी उभे राहणे आजपासून बंद कर, उद्यापासून नाही.

तू तसा मुलगा नाहीस, यावर माझा विश्वास आहे, कारण तसा मुलगा हे पत्र लिहिण्याच्या भानगडीत पडला नसता. पण ती सुटते तेव्हा तिला तुझे मन दिसत नाही. तिला रोज त्याच वेळी त्याच जागी उभा असलेला, दोनदा नकार मिळालेला एक मुलगा दिसतो. ती घरी जाण्याचा रस्ता बदलण्याचा विचार करत असेल. कदाचित क्लास सोडण्याचाही, कारण अशा वेळी घरची माणसे मुलाला थांबवण्याऐवजी मुलीचा क्लास बंद करतात, हे मी पुष्कळदा पाहिले आहे. दोन वर्षांची तिची तयारी तुझ्या उभे राहण्याने वाया जाऊ शकते.

मित्र ज्या नायकाचा दाखला देतात, त्याची एक गोष्ट ते विसरतात. मालिका सुरू होण्याआधीच तिच्या जाहिरातीत दोघांचे चेहरे शेजारी शेजारी छापलेले असतात. पहिल्या भागात नायिका ‘नाही’ म्हणते तेव्हा मागे बासरी वाजते, आणि ते ‘नाही’ तात्पुरते आहे, हे घराघरात सगळ्यांना माहीत असते. तो नकार तिने दिलेला नसतो, लेखकाने कथा लांबवण्यासाठी तिच्या तोंडी घातलेला असतो. तुला मिळालेला नकार एका खऱ्या मुलीने, विचार करून, दोनदा दिलेला आहे. मागे बासरी वाजलेली नाही.

कायदाही तुला माहीत असायला हवा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ नुसार, स्त्रीने स्पष्टपणे अनिच्छा दाखवूनही तिचा पाठलाग करणे किंवा तिच्याशी पुन्हा पुन्हा संपर्क साधण्याचा प्रयत्न करणे हा गुन्हा आहे आणि पहिल्या गुन्ह्यासाठीही तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ही तरतूद २०१३ मध्येच जुन्या दंडसंहितेत आली होती. मुलगी अठरा वर्षांच्या आतली असेल, तर पॉक्सो या बालकांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्यातही अशा वागण्याचा उल्लेख आहे. तू अठराच्या आतला असल्याने तुझे प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाईल, पण व्हायचा तो मनस्ताप तुझ्या आणि तिच्या, दोन्ही घरांना होईलच. मी तुला घाबरवण्यासाठी हे लिहीत नाही. मित्रांच्या सल्ल्याची किंमत मित्रांना मोजावी लागत नाही, म्हणून लिहिते.

क्षमा मागण्यासाठीही तिच्याकडे जाऊ नकोस आणि मैत्रिणीकरवी चिठ्ठी पाठवू नकोस, कारण तिच्या दृष्टीने तोही आणखी एक संपर्कच आहे. तू दिसेनासा झालास, की क्षमा तिच्यापर्यंत आपोआप पोहोचेल. पहिले दोन-तीन आठवडे जड जातील. नकार पचवणारा मुलगा आपण पडद्यावर फारसा पाहत नाही. तो एक तर दारू पिताना दिसतो, नाही तर सूड घेताना. प्रत्यक्षात तो रडतो, दोन दिवस जेवत नाही, मोठ्या भावाशी किंवा मामाशी बोलतो आणि पुन्हा अभ्यासाला बसतो. कोणाशी बोलण्यासारखे नसेल, तर टेलिमानस ही सरकारची मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, तेथे मराठीतही बोलता येते.

प्रश्न : मी फोंड्याजवळील एका माध्यमिक शाळेत शिकवते. मालिकांमुळे मुले बिघडतात, हे प्रत्येक पालकसभेत ऐकते. टीव्हीचा काही चांगला परिणाम होतो की नाही? वर्गात या विषयाचे काही करता येईल का?
— एक शिक्षिका, गोवा

उत्तर : बाई, आपल्या प्रश्नाच्या उत्तरात खुद्द गोव्याचा वाटा आहे. रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर या अर्थशास्त्रज्ञांनी २००१ ते २००३ या काळात बिहार, गोवा, हरियाणा, तमिळनाडू आणि दिल्ली येथील ग्रामीण कुटुंबांकडून गोळा केलेल्या माहितीचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध केला. ज्या गावांत केबल नव्याने पोहोचली, तेथे नवऱ्याने बायकोला मारणे योग्य आहे असे म्हणणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण घटले, मुलगाच हवा ही ओढ कमी झाली आणि स्त्रियांच्या निर्णयस्वातंत्र्यात वाढ झाली. हे कोणत्याही प्रबोधनपर कार्यक्रमाने साधलेले नव्हते. आपण नाके मुरडतो त्याच शहरी, भरजरी साड्यांच्या मालिका तेव्हा जोरात होत्या. गावातल्या बाईने त्यांत कटकारस्थान पाहिले असेलही, पण स्वतः बाहेर पडणारी, पैसे हाताळणारी, नवऱ्याला उलट प्रश्न विचारणारी स्त्रीही तिला दिसली असावी, असा माझा तर्क आहे.

याच्या उलट दिशेचेही एक उदाहरण आहे. ७ जुलै १९८४ रोजी दूरदर्शनवर सुरू झालेली ‘हम लोग’ ही १५६ भागांची मालिका, मेक्सिकोतील मालिका-निर्माते मिगेल साबिदो यांच्या पद्धतीवरून प्रेरणा घेऊन, मुद्दाम समाजशिक्षणासाठी रचलेली होती. सारे निमूट सोसणारी आई हे तीत ‘असे असू नये’ याचे उदाहरण म्हणून योजले होते. अरविंद सिंघल आणि एव्हरेट रॉजर्स यांनी प्रेक्षकांचा अभ्यास केला, तेव्हा अनेकांना तीच आई आदर्श वाटल्याचे आढळले. लेखकाचा हेतू प्रेक्षकाच्या दारात थांबतो.

वर्गासाठी मला एक साधी गोष्ट सुचते. मुलांना या आठवड्यातील कोणत्याही मालिकेतला एक गैरसमज निवडायला सांगावा आणि तो तेथल्या तेथे मिटवणारे पाच मिनिटांचे संभाषण, कोकणीत किंवा मराठीत, लिहायला लावावे. मुलगे आणि मुली यांचे गट मिश्र असावेत. लिहिताना मुले अडतात ती नेमकी ‘मला तुझा राग आला, कारण...’ या वाक्यापाशी. तेथे त्यांना अडू द्यावे आणि वाक्य पुरे करण्याची घाई आपण करू नये.

प्रश्न : माझे वय बहात्तर. शिक्षण सातवी. संध्याकाळी नातीबरोबर मालिका पाहते, ती नववीत आहे. परवा जाहिराती लागल्या तेव्हा तिने विचारले, ‘‘आजी, तुझं आजोबांवर प्रेम होतं का गं?’’ मला हसू आले आणि मी उठून आत गेले. लग्नाआधी यांना मी दोनदा पाहिले होते. आम्ही एकमेकांना तसे कधी म्हटले नाही. मला दम्याचा त्रास, म्हणून थंडीत पहाटे ते स्वतः उठून बंब पेटवायचे, पण त्याला प्रेम म्हणतात का, ते मला ठाऊक नाही. तसे कितीदा तरी मला न विचारता सगळे ठरवायचेही. आता ते नाहीत. नातीला काय सांगू?
— एक आजी, चिपळूण

उत्तर : आजी, आपले पत्र मी इतर सगळ्या पत्रांच्या आधी वाचले आणि मुद्दाम शेवटासाठी ठेवले.

नातीला आपण मला लिहिले आहे तेच, त्याच क्रमाने सांगावे. दोनदा पाहिले होते, हे सांगावे. बंबाचे सांगावे. न विचारता काय काय ठरवले आणि त्याचा आपल्याला कसा राग यायचा, हेही सांगावे, ते वगळू नये. आजोबा आता नाहीत, म्हणून त्यांना देव करण्याचा मोह होईल, पण पडद्यावर तिला रोज एक देव आणि एक राक्षस दिसतोच आहे. पहाटे बंब पेटवणारा आणि दुपारी बायकोला न विचारता बैल विकून येणारा (हे उदाहरण माझे, आपले वेगळे असेल) असा एकच माणूस असू शकतो, हे तिला कोणत्याही वाहिनीवर पाहायला मिळणार नाही. त्याला प्रेम म्हणायचे की नाही, ते आपण ठरवू नका. तिला ठरवू द्या, आणि तिचे उत्तर दर वर्षी बदलले, तरी बदलू द्या.

हे जाहिरातींच्या वेळात मात्र सांगू नका, तेवढा वेळ पुरणार नाही. सुट्टीच्या दिवशी दुपारी तांदूळ निवडताना किंवा कुळीथ पाखडताना तिला शेजारी बसवून सांगा. मधेच ती बहुधा विचारील, की बंब म्हणजे काय. तो अजून माळ्यावर असेल, तर तिलाच वर चढवून खाली काढायला लावा.